जुने घर घेण्याआधी : ओल येते कुठून?



दर वर्षी जून-जुलै महिन्यात आमच्या टेबलावर पत्ता बदलाचे अर्ज येतात. त्यांत काही अर्ज दूरच्या कॉलन्यांमधून जुन्या इंदूरकडे परत येणाऱ्या कुटुंबांचेही असतात. कारणे समजण्यासारखी आहेत. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर, बाजार जवळ, शेजारी आजी-आजोबांच्या ओळखीची माणसे. शिवाय वर्षानुवर्षे बंद पडलेले जुने मकान कधी कधी नव्या फ्लॅटपेक्षा स्वस्त पडते. भविष्य निर्वाह निधी, थोडे दागिने आणि बँकेचे कर्ज असे सगळे एकत्र करून घर घेतले जाते. मग पहिला पावसाळा येतो, नव्या रंगाला फोड येतात, भिंतीचे पोपडे गळू लागतात आणि दुरुस्तीसाठी हातात पैसा उरलेला नसतो.

याच्या उलटही घडते. चांगल्या सागवानी खांबांचे, दगडी जोत्याचे घर केवळ एक भिंत ओली दिसली म्हणून नाकारले जाते आणि शेवटी निव्वळ जमिनीच्या भावाने जाऊन जमीनदोस्त होते. त्या भिंतीचे कारण कदाचित एक फुटका पाइप एवढेच असते.

दोन्ही वेळा नुकसान होते ते एकाच कारणाने. घर पाहणारा विचारतो, "ओल किती आहे?" खरे तर त्याने विचारायला हवे, "ओल येते कुठून?" ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, पण औषध कोणते द्यायचे हे तापाचे कारण कळल्यावरच ठरते. भिंतीचेही तसेच आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. विषय घरखरेदीचा असला तरी त्यात विज्ञानही पुष्कळ आहे, आणि मुलांनीही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे.

जुने घर कोरडे कसे राहत होते?

रामबाग, मल्हारगंज, लोधीपुरा, जुनी इंदूर या भागांतली जुनी घरे पाहिली तर बांधणी साधारण सारखी दिसते. खाली काळ्या दगडाचे उंच जोते, वर विटांच्या जाड भिंती, जोडायला चुना किंवा माती, लाकडी खांब व तुळया आणि वर कौले किंवा माळवद. मध्ये चौक. या घरांत आजच्यासारखा ओल अडवणारा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर पायाच्या वर घातलेला नसतो. तरी ती टिकली, कारण त्यांची रीत वेगळी होती. भिंतीत थोडे पाणी शिरणारच असे धरून ते लवकर बाहेर पडेल अशी सोय केलेली होती. चुन्याचा गिलावा पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. चौकातून वारा खेळतो. जोते उंच असल्याने जमिनीचे पाणी विटेपर्यंत सहसा पोहोचत नाही.

मग बिघडले काय? तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट नळाची. ही घरे बांधली तेव्हा पाणी बहुतेक विहिरीवरून किंवा हौदातून घागरीने यायचे. १९७० च्या जनआंदोलनानंतर १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदूरला आले. शहर तरले, पण चुना-मातीच्या भिंती खोदून त्यांत लोखंडी पाइप बसवले गेले, वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांवर न्हाणीघरे झाली आणि छतावर टाक्या चढल्या. लोखंडी पाइप काही दशकांत गंजतो, आणि तो भिंतीच्या पोटात असल्यामुळे गळती बाहेरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. दर डांबरीकरणाला आणि काँक्रीटला रस्ता थोडा थोडा वर आला. ज्या घरात पूर्वी तीन-चार पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आज एक पायरी उरली आहे. काही घरांत तर उतरून जावे लागते. म्हणजे जोते जमिनीत गेले आणि वीट मातीला टेकली.

तिसरी गोष्ट सिमेंटची. पोपडे आले की मिस्त्री चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करतो, वर ऑइल पेंट किंवा टाइल्स लावतो. सिमेंटच्या या घट्ट थरातून वाफ नीट बाहेर पडत नाही. आत अडकलेले पाणी मग आणखी वर चढते. पूर्वी दोन फुटांवर थांबलेली ओल चार फुटांवर दिसू लागते.

पाण्याचे चार रस्ते

भिंतीत पाणी चार वाटांनी येते. प्रत्येक वाटेची खूण वेगळी आहे आणि ती डोळ्यांनी ओळखता येते.

१. जमिनीतून वर चढणारी ओल. विटेत केसासारखी बारीक छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे या छिद्रांतून पाणी वर चढते. विज्ञानाच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हटले आहे. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. पण भिंतीवरून बाष्पीभवनही चालू असते, म्हणून ही ओल साधारण तीन-चार फुटांवर थांबते. तिथे बऱ्यापैकी सरळ आडवी रेघ दिसते. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तोच पांढरा भुगा. मराठीत लोणा लागला म्हणतात, हिंदीत नोना किंवा लोना. ही ओल फक्त तळमजल्यावर असते आणि आतल्या भिंतींवरही दिसते.

२. पावसाची ओल. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीची भेग, खिडकीचा खालचा भाग, छत आणि भिंत यांचा सांधा या वाटांनी ती येते. डाग बेढब असतो, सहसा वर असतो किंवा वरून खाली ओघळलेला असतो. पाऊस पडल्यावर तो वाढतो, पण लगेच नाही. दीड फूट जाड भिंतीतून पाणी आत यायला एखादा दिवस किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून कालच्या पावसाचा डाग आजच्या उन्हात दिसला तर नवल वाटू नये.

३. पाइप आणि मोरीची गळती. डाग गोलसर असतो, न्हाणीघर, संडास, मोरी किंवा टाकी यांच्या जवळ किंवा खाली असतो आणि ऋतूशी त्याचा संबंध नसतो. नळ एक दिवसाआड येत असेल तर नळाच्या दिवशी डाग गडद होतो, हे फार बोलके लक्षण आहे. सांडपाण्याची गळती असेल तर वासही येतो.

४. हवेतली ओल. दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की थेंब जमतात. माठ बाहेरून ओला होतो तेच हे. पावसाळ्याच्या सुरुवातीला जाड भिंतींच्या घरात दगडी फरशी घामेजते, ती यामुळे. बंद खोली, कपाटामागचा कोपरा, धूर जायला वाट नसलेले स्वयंपाकघर अशा जागी काळी बुरशी दिसते. पांढरा क्षार मात्र नसतो. इथे गरज असते ती खिडकी उघडण्याची.

एकाच भिंतीत दोन वाटांनी पाणी येऊ शकते. आणि "जमिनीतून ओल चढते, जुन्या घराला इलाज नाही" असे ज्या भिंतीबद्दल सांगितले जाते, तिथे पुष्कळदा बाहेर तुंबलेली नाली किंवा भिंतीला टेकवलेला मातीचा ढीग सापडतो. असा ढीग काढायला दोन मजूर आणि एक दिवस पुरतो.

पाहणी कशी करावी?

प्रथम महिना लक्षात घ्या. इंदूरात पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत असतो. शक्य असेल तर घर दोनदा पाहावे, एकदा चांगल्या पावसानंतर आणि एकदा एप्रिल-मे मध्ये. मे महिन्यात, कित्येक महिने मोठा पाऊस झालेला नसताना, भिंत हाताला ओली लागत असेल तर पावसाचा दोष नाही. तिथे नळ, मोरी, नाली किंवा जमीन यांपैकी कुणीतरी पाणी देत आहे. दलाल नेमका उन्हाळ्यात घर दाखवतो कारण तेव्हा भिंती कोरड्या दिसतात. पण लोण्याचे पांढरे पट्टे आणि तपकिरी रेघा उन्हाळ्यातही तिथेच असतात.

पाहणी बाहेरून आणि वरून सुरू करावी. आत जाऊन भिंत चाचपण्याची घाई करू नये.

छतावर जा. कौले सरकली आहेत का, माळवदावर गवत किंवा पिंपळ उगवला आहे का, पन्हळीत पाने साचली आहेत का, पावसाचे पाणी उतरणारा पाइप कुठे संपतो, हे पाहा. इथे एक साधे गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. इंदूरात वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि छत ६० चौरस मीटरचे असले, तर वर्षाला ५४,००० लिटर पाणी त्या छतावर पडते. हजार लिटरच्या ५४ टाक्या! पन्हळ एका कोपऱ्यात फुटली असेल तर यातला मोठा वाटा एकाच भिंतीच्या मुळाशी ओतला जातो. अशा भिंतीला ओल लागली तर दोष भिंतीचा कसा?

मग घराभोवती फिरा. रस्ता किंवा गल्ली जोत्याच्या किती जवळ आली आहे ते बघा. आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली असेल तर ही गोष्ट ठळक अक्षरांत वहीत लिहा, कारण ती बदलणे सर्वांत अवघड आहे. नाली फुटकी आहे का? शेजाऱ्याची मोरी आपल्या सामाईक भिंतीला लागून आहे का? खान नदी किंवा सरस्वती नदी जवळ असेल तर मोठ्या पावसात पाणी कुठवर आले होते हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. तो घरमालकापेक्षा खरे सांगेल.

आपल्या माळव्यातली काळी माती हाही एक मुद्दा आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाची एक बाजू सतत ओली आणि दुसरी कोरडी राहिली तर घर असमान हलते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. त्या भेगांतून पुन्हा पाणी शिरते. तिरकी, वर रुंद होत जाणारी आणि करंगळी जाईल एवढी भेग दिसली तर पुढे जाण्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावी. तिथे मिस्त्रीचा अंदाज पुरत नाही.

आता आत या. दार उघडताच आधी वास घ्या. बंद घराचा कुबट वास आणि बुरशीचा वास यांत फरक असतो. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवल्या की बंद घराचा वास जातो, बुरशीचा राहतो. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. विजेच्या बोर्डाचे स्क्रू गंजलेले आहेत का, दाराच्या चौकटीचा खालचा भाग मऊ झाला आहे का, हेही बघा.

झाकलेली ओल

नुकतीच पुताई केलेले घर आम्हाला जास्त काळजीत टाकते. सगळे घर जुने आणि एकच भिंत नवी रंगवलेली असेल तर तीच भिंत नीट पाहा. चार फुटांपर्यंत लावलेल्या टाइल्स, प्लास्टिकचे पॅनेल, लाकडी पट्ट्या, खोटे छत, भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेले कपाट, यांच्या मागे काय आहे हे विचारण्याचा घेणाऱ्याला हक्क आहे. कपाट हलवायला सांगण्यात संकोच कसला? लाखो रुपयांचा व्यवहार आहे.

कायदाही इथे काही सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. याचा दुसरा अर्थही समजून घ्या. जो दोष साध्या काळजीने सापडला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड जाते. म्हणून पाहणी करावी, तारखेसह फोटो काढावेत, आणि "छत गळते का, मोरी कधी दुरुस्त केली, पावसात पाणी आत येते का" हे प्रश्न लेखी विचारून उत्तरेही लेखी घ्यावीत.

घरच्या घरी चार चाचण्या

पहिली चाचणी फॉइलची. स्वयंपाकघरातले अॅल्युमिनियम फॉइल एक फूट लांब-रुंद कापा. संशय असलेल्या भिंतीचा पृष्ठभाग पुसून त्यावर फॉइल ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते हवेतले आहे.

दुसरी चाचणी टाकीची. रात्री सगळे नळ बंद करा आणि टाकीत काठी घालून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळपर्यंत पातळी उतरली तर कुठेतरी गळती आहे. मधल्या वेळेत टाकीत नवे पाणी पडणार नाही एवढे पाहा.

तिसरी चाचणी निळीची. कपड्यांना घालायची नीळ बादलीभर पाण्यात कालवून वरच्या मजल्यावरच्या मोरीत ओता. खाली छतावर किंवा भिंतीवर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी निळसर डाग उमटला तर वाट सापडली. डाग उमटला नाही म्हणून मोरी निर्दोष ठरत नाही, एवढे लक्षात ठेवा.

चौथी चाचणी लाकडाची. तुळईचे टोक जिथे भिंतीत जाते तिथे पेचकस दाबून पाहा. चांगले सागवान पेचकसाला दाद देत नाही. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. लाकडात वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून जास्त पाणी टिकून राहिले की कुजण्याचा धोका सुरू होतो. वाळवीच्या मातीच्या नळ्याही इथेच दिसतात. भिंतीची ओल दुरुस्त होते, पण कुजलेल्या तुळईवर माणसे झोपत असतात, म्हणून ही चाचणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो.

एका गोष्टीची मात्र ताकीद देतो. नव्या काँक्रीट छतावर पाणी अडवून गळती पाहण्याची पद्धत आहे. जुन्या लाकडी माळवदावर ती चुकूनही वापरू नका. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो वजन. कुजलेल्या तुळया ते पेलणार नाहीत.

बाजारात दोन सुयांचे ओल मोजायचे यंत्र मिळते. ते विजेचा विरोध मोजून आकडा दाखवते. लाकडात तो बराच भरवशाचा असतो, पण लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे आकडा खोटा वाढतो. तेव्हा कुणी यंत्राचा लाल दिवा दाखवून महागडे औषध सुचवले तर आधी विचारा, "पाणी येते कुठून?"

मुलांच्या छातीचा आणि विजेचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, खोकला, दमा वाढणे यांचा धोका जास्त असतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. घरात दम्याचे मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर ओल पूर्ण वाळेपर्यंत राहायला जाण्याची घाई करू नये, मग भाड्याचे दोन-चार महिने जास्त गेले तरी चालतील. मुलांची अभ्यासाची आणि झोपण्याची जागा घरातल्या सर्वांत कोरड्या, उजेडाच्या खोलीत असावी.

ओल्या भिंतीतली जुनी वायरिंग हा वेगळाच धोका. घर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात विजेची तपासणी करून ३० मिलिअँपियरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्यावे. वीज जमिनीत गळू लागली की ते क्षणात प्रवाह तोडते.

दुरुस्तीचा क्रम

क्रम चुकला की पैसे वाया जातात. आधी पाण्याची वाट बंद करायची: कौले, पन्हळ, पाइप, मोरी, नाली, भिंतीला टेकलेली माती. मग भिंत वाळू द्यायची. त्यानंतर गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. वाळायला किती वेळ? साधारण अंदाज असा, की भिंतीच्या दर इंचाला एक महिना. म्हणजे दीड फूट भिंतीला दीड वर्षसुद्धा लागू शकते. हवा खेळती असली तर लवकर, बंद खोलीत उशिरा. एवढा काळ थांबणे जमत नसेल तर निदान खराब गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी, ब्रशने लोणा कोरडाच झाडून काढावा आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा. लोणा पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीतच जातात.

भिंतीला ओळीने भोके पाडून रसायन भरण्याचा उपायही आहे. तो फक्त जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर चालतो, तोही कारण नक्की झाल्यावर. फुटका पाइप त्याने जुळत नाही.

इतर गावच्या वाचकांसाठी

आपले माजी विद्यार्थी दूरदूर आहेत, म्हणून दोन शब्द. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दगडी पट्ट्यांची छते आहेत. तिथे पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांमधले सांधे तपासावेत. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठाजवळचे घर असेल तर २०१९ आणि २०२४ च्या पुरात पाणी किती चढले होते ते भिंतीवरच्या रेघेवरून पाहावे. ही रेघ जमिनीच्या ओलीसारखीच आडवी दिसते, त्यामुळे गल्लत होते. गोव्यात पाऊस इंदूरच्या जवळजवळ तिप्पट आणि चिऱ्याचा दगड सच्छिद्र. तिथे पुढे आलेली वळचण आणि चुन्याचा गिलावा शाबूत आहे का हे आधी बघावे.

घ्यावे की सोडावे?

पाण्याची वाट सापडली, ती आपल्या हद्दीत आहे आणि तुळया निरोगी आहेत, तर ओल दिसली तरी घर घ्यायला हरकत नाही. दुरुस्तीचा खर्च दोन मिस्त्रींकडून लिहून घ्यावा आणि किमतीच्या बोलण्यात तो मांडावा. बयाणा देण्याआधी हे सगळे व्हावे. रजिस्ट्रीनंतर बोलण्याला वजन राहत नाही.

वाट शेजाऱ्याच्या मोरीतून येत असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलावे. जो बयाण्याआधी दुरुस्तीला तयार नाही, तो नंतर होईल असे धरू नये. फरशी रस्त्याच्या खाली गेली असेल, नदीचे पाणी आत येत असेल, तुळयांची टोके कुजली असतील, किंवा दोन वेळा पाहूनही पाणी कुठून येते हे कळत नसेल, तर थांबावे. घर कितीही आवडले तरी थांबावे. दुसरे घर मिळेल, आयुष्यभराची शिल्लक पुन्हा जमणे कठीण.

विद्यार्थ्यांसाठी

सहावी ते आठवीच्या मुलांनी सुटीत हा प्रयोग करावा. कोरडी वीट वजन करून ताटलीत उभी ठेवा आणि ताटलीत बोटभर पाणी घाला. दर अर्ध्या तासाने विटेवर ओल कुठवर चढली तिथे खडूने खूण करा आणि वेळ लिहा. ताटलीतले पाणी कमी झाले की पुन्हा घाला. त्यानंतर तीच वीट २४ तास पूर्ण पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. वजन किती टक्क्यांनी वाढले? आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे साधारण बांधकामाच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. तुमच्या विटेने किती प्यायले ते आलेखासह वहीत लिहून शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या बाईंना दाखवा. ज्यांच्या घरात लोणा लागलेली भिंत आहे त्यांनी तिची उंचीही मोजून आणावी, आणि आई-बाबांसोबत शोधून काढावे की तिथे पाणी चार वाटांपैकी कोणत्या वाटेने येते.